समजा, लाईट गेली

भाई मयेकर भर दुपारी, कुणाला न सांगता, नगरपालिकेचा मेन स्विच खाली ओढायचे. पंखे गपकन थांबायचे. मग भाई दारात उभे राहून एकेकाला विचारायचे, "समजा, लाईट गेली. वादळ झालंय, तारा पडल्यात. आता काय करशील?"

मी देवरूखकडच्या आमच्या वाडीतला पहिला पदवीधर. बी.कॉम. होऊन कारकून म्हणून लागलो, तो पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्यावर आला. "वरती अर्ज करीन," मी ऐटीत म्हणालो.

"कर. अंधारात लिही."

ऐंशीनंतरची ती वर्षं. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, बंदरालगत हे गाव. भाई तिथल्या दिवाबत्ती खात्याचे प्रमुख. खात्यात माणसं दोन, शिडी एक. कुणाच्या लग्नाला गेले तरी नवरानवरीकडे बघायच्या आधी भाई, समजा आग लागली तर, मांडवातून बाहेर पडायचा रस्ता हेरून ठेवत. स्वतः लग्न केलं नाही. "समजा, लग्न केलं" इथून त्यांनी विचार सुरू केला तो अजून संपलेला नाही, असं आमचा शिपाई सांगे.

गावाची आपत्कालीन योजना म्हणजे डिझेलचं एक पिंप. सरकारी दवाखान्याचा जनरेटर बंद पडू नये म्हणून राखलेलं, नगरपालिकेच्या एका खोलीत कुलपात. चावी भाईंच्या खिशात. नगराध्यक्षांनी ते मुलीच्या लग्नातल्या रोषणाईला मागितलं, तेव्हा भाई म्हणाले, "समजा, त्याच दिवशी..."

"अहो, शुभ बोला!" नगराध्यक्ष ओरडले. पण पिंप हललं नाही.

आणि एका दिवाळीनंतर खरंच वादळ आलं. तारा जमिनीवर, घाटात झाडं आडवी, टँकर बंद. दवाखान्यात त्यांचं स्वतःचं डिझेल चालू होतं, पण किती पुरेल ते कुणी सांगेना. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचं मात्र संपलं, आणि वादळाआधी उतरलेली मासळी वास मारू लागली.

बंदरावरच्या बायका नगरपालिकेवर आल्या. पुढे आक्का, भाईंची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर मासे विकून तिनेच भाईंना मॅट्रिक केलं होतं. सडत होतं त्यात तिच्या होडीचंही सगळं होतं.

"बाबल्या, खोली उघड."

भाईंचं नाव बाबल्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कुणी हसलं नाही.

"आक्का, समजा, दवाखान्यातलं संपलं..."

"संपलं काय?"

"अजून नाही."

"मग मेल्या, माझी मासळी तुझ्या समजापायी सडू दे?"

नगराध्यक्ष मध्ये पडले. "देऊन टाका हो भाई. निवडणूक आलीय... म्हणजे, माणुसकी म्हणून."

भाई खोलीच्या दाराला पाठ लावून खाली बसले. "तिथे आज एका बाईचं ऑपरेशन आहे. ती टेबलावर असताना दिवा गेला, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आणि मला कुठलं दाखवणारायस?" आक्का म्हणाली आणि वळून चालू लागली. बायका तिच्यामागून गेल्या. भाई उठले नाहीत.

वीज येईपर्यंत दवाखान्याचं डिझेल पुरलं. पिंपाला धक्कासुद्धा लागला नव्हता. गावाने भाईंची थट्टा केली, आणि ती नुसती थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी भाई कामावर आलेच नाहीत. नगराध्यक्षांनी मला बोलावलं. "चावी घेऊन ये त्यांच्याकडून. पडझड बघायला जीप काढायचीय. पिंपातलंच भरू."

भाई बंदरावर सापडले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत खड्डा खणत होते आणि सडकी मासळी पाटीपाटीने त्यात ओतत होते. सकाळपासून एकटेच. आक्का होडीला टेकून, त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

मी निरोप सांगितला. वाद घालतील असं वाटलं होतं. भाईंनी फावडं टाकलं आणि मुकाट्याने खिशात हात घातला.

"बाबल्या." आक्काने मान वळवली नाही. "चावी राहू दे. माझी मासळी मी काय त्याच्या जीपसाठी सडवली?"

भाईंचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. आक्का उठली, तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतू लागली.

"नीट चोळ हो," ती म्हणाली. "मग जेवायला वाढते."