कापडाचा आवाज होत नाही

माणिककाका सिनेमाला निघाले की आधी खिशातल्या कापडी पिशव्या चाचपून बघतात. चष्मा, पैसे, तिकीट हे सगळं नंतर. तळहाताएवढ्या पिशव्या, तोंडाशी नाडी घातलेल्या, गयाकाकूंच्या जुन्या पातळांमधून शिवलेल्या. शर्टाच्या वरच्या खिशातून त्या नाड्या बाहेर लोंबत असतात. थेटरात कोणी चिप्सचं पाकीट कुरकुरवायला लागलं की काका अंधारात वाकून वाकून त्याच्यापर्यंत जातात, पिशवी पुढे करतात आणि अगदी अदबीनं सांगतात, "इसमें डाल के खाओ मियाँ. कपडे का आवाज नै होता."

लोक काय करतात ते विचारू नका. कोणाला वाटतं म्हातारा भीक मागतोय. कोणाला वाटतं थेटरवाल्यांची काही तरी नवी स्कीम आहे, तो विचारतो, "फ्री है क्या?" एका सद्गृहस्थानं तर पिशवीत मूठभर पॉपकॉर्न टाकून "लेलो अंकल" म्हणत ती काकांनाच परत दिली. काका तसेच पिशवी घेऊन जागेवर आले. खाल्लं मात्र नाही. डॉक्टरनं त्यांचं मीठ तोडलंय, आणि तसंही थेटरात खाणं त्यांना पटत नाही. "रेसकोर्सवरच्या घोड्यांना सुद्धा खायची वेळ ठरलेली असते," असं ते म्हणतात. आम्ही मलकपेठला, रेसकोर्सला लागूनच राहतो, त्यामुळे घोड्यांवर त्यांचा फार विश्वास.

आमची दारं समोरासमोर. काका रेल्वेतून निवृत्त झाले. मूळचे परभणीकडचे, पण इथं इतकी वर्षं काढली की भाजीवाल्याशी तेलुगू, भांडताना दखनी आणि काकूंशी मराठी, असं त्यांचं वाटून ठेवलेलं आहे. आमच्या ह्यांना सिनेमाचं वावडं. "मोबाइलवर येईलच की महिन्याभरात" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. म्हणून दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी काका-काकूंबरोबर जाते. एका बाजूला काका, मधे काकू, दुसऱ्या बाजूला मी.

तर प्रेक्षक. माझ्या मते ह्या लोकांना थेटरात घेणंच बंद करावं. पूर्वी माणसं सिनेमाला जायची, आता दिवाणखाना उचलून सोबत आणतात. पाय समोरच्या खुर्चीवर, फोन कानाला, मांडीवर टोपलंभर खाणं. पडद्यावर कोणी मरायला टेकलेलं असतं आणि मागून आवाज येतो, "हौ हौ, भेंडीच बना दे." मी आपली दात-ओठ खात बसते. माझ्यात बोलायची धमक नाही. काकांमध्ये आहे आणि त्याचा उपयोग शून्य आहे, एवढाच आमच्यातला फरक.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे. "तिकीट बघायचं काढलं का बोलायचं?" समोरच्याच्या तोंडाकडे बघून भाषा ठरवायची आणि विचारायचं. एकदा एक शेठ पहिल्यापासून फोनवर सिमेंटच्या लॉरीचं बोलत होता. लॉरी कुठंतरी अडकली होती, ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. काकांनी तीनदा विचारलं, तिकीट कशाचं काढलं. शेठ हातानंच थांबा म्हणाला. मग काका उभे राहिले आणि सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं म्हणाले, "भाईयो, साब की सिमेंट की लॉरी अटक गई है. सब मिल के दुआ करो, फिर पिच्चर देखेंगे." लोक हसले. शेठनं फोन ठेवला. मला वाटलं, चला, एकदा तरी जिंकलो. पण त्या हसण्यानंतर थेटरभर ज्या गप्पा सुरू झाल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत, आणि लॉरीचं काय झालं हे बघायला लोक शेठकडेच वळून वळून बघत राहिले.

तेलुगू हिरोच्या पहिल्या दिवसाच्या खेळाला तर जाऊच नये. काकांनी शिट्ट्या मारणाऱ्या एका पोराला पिशवी दिली. त्यानं तिच्यात कागदाचे कपटे भरले आणि हिरो आल्यावर पिशवीसकट उधळले. काकू घरी आल्यावर नवीन शिवायला बसल्या.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. काका स्वतः काही सिनेमाचे शौकीन नाहीत. हिरोंची नावंही त्यांना धड येत नाहीत. सिनेमाचं वेड काकूंना. शनिवारी दुपारी गच्चीवर आम्ही बिल्डिंगमधल्या बायका जमायचो आणि काकू आदल्या दिवशीचा सिनेमा सांगायच्या. नुसती गोष्ट नाही, डायलॉगसकट. बापाचा आवाज वेगळा, पोलिसाचा वेगळा. तेलुगू बायकांना तेलुगूत, आम्हाला मराठीत. निम्म्या बायका तिकीट काढायच्याच नाहीत, काकूंचं ऐकलं की पुरे.

मग काकूंचा कान गेला. हळूहळू गेला. त्यांनी मशीन घेतलं आणि केसांच्या खाली दडवून ठेवलं. पण त्या मशीनला कळत नाही की हे माणसाचं बोलणं आणि हे चिप्सचं पाकीट. ते सगळंच मोठं करतं, आणि पाकीट जरा जास्तच. पाकिटाच्या कुरकुरीखाली डायलॉग बुडून जायचे. काकांच्या पिशव्या तेव्हापासूनच्या.

त्यांची बंगळूरला असलेली मुलगी फोनवर म्हणाली, घरी टीव्हीवर बघा, खाली अक्षरं येतात. काका असे भडकले की विचारता सोय नाही. "तुझ्या आईला काय झालंय? तिचा कान चांगला आहे. लोकांची तोंडं वाईट आहेत." हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की मलाही पटायला लागलं होतं.

एकदा शेजारच्या रांगेत एक तान्हं बाळ रडायला लागलं. आई बिचारी नवखी, तिला काही सुचेना. काकांनी जाऊन हात पुढे केले, बाळ खांद्यावर घेतलं आणि बाहेर नेलं. सिनेमा संपेपर्यंत ते त्याला घेऊन बाहेर येरझारा घालत होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, "शेवट काय झाला गं?"

काकू खुलल्या. "अहो, थोरल्याला पोलिसात नोकरी लागली. न्यायला जीप आली. आई इतकी रडली आनंदानं."

मी रिक्षाबाहेर बघायला लागले. थोरल्यानं धाकट्याचा खून आपल्या अंगावर घेतला होता आणि पोलीस त्याला धरून घेऊन गेले होते.

"चांगलं झालं," काका म्हणाले. "आईचे पांग फेडले पोरानं."

वर आल्यावर काकू कुलूप काढत असताना काकांनी मला जिन्यात हळूच विचारलं, "जीप आली म्हणजे अटक झाली ना?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मागची पोरं सारखी बोलत होती. तिला ऐकू येणार कसं?"

शनिवारी गच्चीवर काकूंनी थोरल्याची नोकरी सगळ्यांना सांगितली.  सिनेमा बघून आलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ते काकूंना दिसलं. कान गेला म्हणून डोळे थोडेच गेले होते.

त्यानंतरच्या शुक्रवारी कॉलेजच्या पोरांचं एक टोळकं पुढच्या रांगेत आलं. काकांनी पिशवी दिली. त्यांनी ती झेलाझेलीला घेतली, इकडून तिकडे. काका उभे राहिले, आवाज चढला, टॉर्च घेऊन माणूस आला, पाठोपाठ मॅनेजर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि काकांनाच सांगितलं, "अंकल, इत्ता सुकून होना तो घर में देखो." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी नाही हो, लोकांनी. बायकापोरं घेऊन आलेल्या, चांगल्या घरच्या लोकांनी. मी तेव्हाच मनातल्या मनात ह्या शहरातल्या सगळ्या प्रेक्षकांना सोडचिठ्ठी देऊन टाकली.

रिक्षात काकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. अफझलगंजचा पूल गेल्यावर म्हणाल्या, "मी नाही येत आता. माझ्यापायी तुमचा अपमान. आणि मला तसंही..."

"तसंही काय?" काका म्हणाले. "तुझा कान चांगला आहे."

 पुढच्या शुक्रवारी काकू तयारच झाल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शनिवारी गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर येणंही बंद झालं. मी समोरून डोकावले तर दोघं टीव्हीसमोर बसलेली असायची. टीव्ही चालू, काकू खिडकीकडे बघतायत, आणि काकांच्या खिशातून नाड्या लोंबत नाहीत. मला ते बघवेना.

मग एका सकाळी काकांनी माझी बेल वाजवली. ते थेटरांच्या खिडक्या पालथ्या घालून आले होते. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच विचारलं होतं, "असा कुठला पिच्चर आहे का, ज्याला कोणीच येत नाही?" एका खिडकीवरच्या मुलीला वाटलं हे चेष्टा करतायत. एकानं मात्र मनापासून सांगितलं, मंगळवारी सकाळचा खेळ घ्या, तारनाक्याकडच्या थेटरात, दोन दिवस झाले कुत्रंही फिरकलं नाही. काका मला म्हणाले, "तू चल म्हणालीस तर ती येईल. एकदा शांततेत बघू दे तिला. मग कळेल तिला, कान चांगला आहे ते." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

थेटरात खरंच कोणी नव्हतं. आम्ही तिघं आणि नुसत्या खुर्च्या. काका मागे वळून वळून त्या रिकाम्या रांगा बघत होते. तोंडावरून आनंद ओसंडून चालला होता. सिनेमाही मिळाला तो बोलण्याचा. एक आई आणि तिची मुलगी स्वयंपाकघरात बसून सावकाश बोलतायत. एसीची घरघर सोडली तर दुसरा आवाज नाही.

"कसं?" काकांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली. छान म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांचा हात कानाकडे गेला. त्यांनी मशीन फिरवलं. मग काढलं, पदरानं पुसलं, परत घातलं. पडद्यावरची आई बोलत होती, डोळ्यांत पाणी होतं तिच्या. काकू पुढे वाकल्या, जरा वेळ तशाच राहिल्या, आणि मग मागे टेकल्या. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आज तर कोणीच नाही. तरी मला शब्द लागत नाहीत. माझाच कान गेला म्हणायचा."

 इतक्या दिवसांत काका ज्या शांततेसाठी सगळ्यांशी भांडले, ती आता मिळाली होती, आणि तिच्यात दडायला जागाच नव्हती. मला रडू आलं. काकूंना दिसू नये म्हणून मी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधत बसले.

काका उठून बाहेर गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. परत आले तेव्हा हातात चिप्सचं पाकीट होतं. काउंटरवर असेल नसेल तेवढं सगळ्यात मोठं. बसले, आणि दोन्ही हातांनी ते फाडलं. रिकाम्या थेटरात तो आवाज केवढा झाला म्हणून सांगू. एकही चिप्स त्यांनी तोंडात टाकला नाही. नुसतं पाकीट चुरगाळत बसले, पडद्याकडे बघत.

मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. तेवढ्यात ते काकूंच्या डोक्यावरून मला म्हणाले, अगदी खणखणीत आवाजात, "सुनीता, लिफ्टवाला आला होता का गं?"

आणि मला समजलं. जन्मात मी थेटरात तोंडातून शब्द काढलेला नाही. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "आला होता काका. मोटर बदला म्हणाला."

"मोटर कशाला? मागच्या वर्षीच तर बदलली."

"तेच मी म्हटलं त्याला. तर म्हणतो, ती नकली होती."

"ह्या लोकांना ना, लुटायला आपणच सापडतो."

काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अहो, गप्प बसा की," त्या म्हणाल्या. "ती आई काय बोलली, ऐकूच आलं नाही मला. चांगलं यायला लागलं होतं आता."

"कोण आई?" काका म्हणाले. पाकीट कुरकुरलं.

"तिकीट बघायचं काढलं का बोलायचं?" काकू त्यांच्यावर खेकसल्या. त्यांना असं खेकसताना मी किती तरी दिवसांनी ऐकत होते. "आणि ते काय खाताय? पिशवी कुठंय तुमची?"

"विसरली घरी," काका म्हणाले. "चुकलं माझं."

पडद्याचा उजेड त्यांच्या शर्टावर पडला होता आणि खिशातून नाड्या लोंबत होत्या. काकू त्या नाड्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग मशीन केसांखाली नीट सरकवलं आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"शुक्रवारी आठवणीनं घ्या," त्या म्हणाल्या.

काका "हौ" म्हणाले, आणि पाकीट पुन्हा चुरगाळायला लागले.