बिलीचं पहिलं पाऊल

बिलीचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, असा हुकूम म्लादेन्का आजीने सोडला आणि त्या घरात सगळ्यांच्या कमरा धरल्या. नात वर्षाची, अंगाने भरलेली, खाली उतरायला सारखी वळवळणारी. पण इलाजच नव्हता. तिचा बाप क्रासी स्पेनमध्ये मिरच्या तोडायला गेलेला. मुलीचा पहिला दात हुकला, पहिला वाढदिवस हुकला. फोनवर तो रडवेला होऊन म्हणाला होता, "बाबा, पहिलं पाऊल तरी मला दाखवा. कसंही करून कॅमेऱ्यात टिपा."

"टिपतो," असं पर्वान आजोबांनी छाती ठोकून सांगितलं. आणि मग कॅमेरा निवडायला बसले.

आता पर्वान आजोबांचं निवडणं म्हणजे काय, हे नदीकाठच्या आमच्या लोम गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कलिंगड घेतानासुद्धा हा माणूस गाडीवरचं एकूण एक फळ वाजवून बघतो. पण त्यांनी आणलेलं कलिंगड कधी पांढरं निघाल्याचं कुणी सांगावं! लुच्कोच्या जुन्या सामानाच्या दुकानात ते रोज सकाळी हजर होऊ लागले. लुच्को एकेक कॅमेरा काढी, आजोबा तो कानाशी नेऊन हलवून बघत.

"हा घ्या," लुच्को म्हणाला. "नदीपलीकडच्या रुमानियातली कोंबडीसुद्धा दिसेल."

"माझी नात रुमानियात कशाला जाईल? ती खोलीत चालणार आहे."

"मग हा. निम्म्या किमतीत. चित्र आरशासारखं. फक्त आवाज टिपत नाही."

आजोबांनी विचार केला. "नातीला बोलता येत नाही. आणि बायको जे बोलते ते स्पेनपर्यंत पोचवायची गरज नाही. पण आधी पोरीवर चालवून बघतो."

दुसऱ्या दिवशी ते बिलीला घेऊनच दुकानात गेले. कॅमेरा नीट धरता यावा म्हणून त्यांनी तिला क्षणभर खाली टेकवलं. क्षणभरच! ती उठली, दोन्ही हात पसरले आणि तुरुतुरु चालत आजोबांच्या गुडघ्याला येऊन चिकटली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ अंगाला घामही फुटला. कॅमेऱ्यात फीत घातलेलीच नव्हती.

"लुच्को, तू काही पाहिलं नाहीस!"

"मी? मी तर आंधळा आहे," लुच्को म्हणाला.

घरी सांगायची सोय नव्हती. पण रीत कशी मोडायची? मूल पहिलं पाऊल टाकतं, त्याच दिवशी गोल पाव, म्हणजे आमची पोगाचा, वाटायची असते आणि घेणाऱ्याने ती पळत पळत खायची असते. नाहीतर पोर जन्मभर ठेचकाळत राहतं. आजोबांनी बेकरीतून पोगाचा घेतली आणि वरच्या मजल्यावरच्या नेन्काचं दार वाजवलं. "काही विचारू नकोस. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे आणि पळ." नेन्काने त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण बिचारी जिन्यात पळाली.

रविवारी नेन्कालाही बोलावून सगळं साग्रसंगीत मांडलं. आजोबांनी लुच्कोकडून घेतलेला तो कॅमेरा कपाटावर ठेवला आणि चालू करून सगळ्यांत येऊन उभे राहिले. सून झोर्नित्साने बिलीला दाराशी उभं केलं. आजीने ताजी पोगाचा जमिनीवरून गडगडवली, आणि बिली तिच्यामागे सुटली. डगमगणं नाही, पडणं नाही, सरळ धूम! टेबलाशी पोचली आणि वळून हसली. अशी गोड पोर साऱ्या गावात नसेल.

"थू थू! काय कुरूप कार्टी आहे!" दृष्ट लागू नये म्हणून आजी ओरडली. "कोंबड्या शिटोत तुझ्यावर, माझे बाई!"

"पहिल्याच पावलाला पळाली!" आजोबा नको इतक्या मोठ्याने म्हणाले.

"हो ना, पहिल्याच!" झोर्नित्सा त्यांच्याहून मोठ्याने म्हणाली.

आजीने पोगाचा मोडून नेन्काच्या हातात तुकडा ठेवला. "पळ गं."

नेन्का जागची हलेना. "नाही पळत, जा! माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करा. या आठवड्यात तीनदा पळवलंत मला!" तिने तीन बोटं नाचवली आणि एकेकाकडे रोखली. "हा बेकरीची घेऊन आला. ही चुलीवरची घेऊन आली. आणि ही झोर्नित्सा, दूध आणायच्या बहाण्याने! पोरीला पाय तरी किती आहेत?"

मग तिघांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते पाहण्यासारखं होतं.

"तूसुद्धा, म्लादेन्का?" आजोबा म्हणाले. "हुकूम सोडून?"

"कंबर गेली रे माझी! जरा टेकवलं, तर चालली!"

"आणि हे सगळं कॅमेऱ्यात!" झोर्नित्सा रडकुंडीला आली. "आता क्रासीला काय वाटेल?"

आजोबा हळूच हसले. "घाबरू नका. ह्याच्यात आवाज येत नाही." तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आजीने तर जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या निवडीचं कौतुक केलं. फीत स्पेनला रवाना झाली.

काही दिवसांनी क्रासीचा फोन आला. "बाबा, कॅमेरा झकास घेतलात. चित्र एकदम स्वच्छ."

"आवाज नाही बरं का त्यात."

"नाहीच. पण नेन्काकाकूची तीन बोटं स्पष्ट दिसतात. हातातली पोगाचाही दिसते. आणि त्यानंतरची तुमची तिघांची तोंडंही."

"क्रासी, बाळा, आम्ही..."

"तुम्ही तिघांनी वाटलीत, मग चौथी मी वाटली. इथे पोगाचा कुठली? लांबडा पाव घेतला. माझ्या खोलीवर राहणाऱ्या सगळ्या पोरांना मिरच्यांच्या शेताभोवती पळवत खाऊ घातला. मुकादम धावत आला, म्हणे कुठे आग लागली? म्हटलं, माझी मुलगी चालायला लागली. मग तोही पळाला."

आजोबांनी फोन ठेवला आणि नाक पुसलं.

"काय म्हणाला?" आजीने विचारलं.

"चित्र स्वच्छ आलंय म्हणाला," आजोबा म्हणाले.