जावयाशी पदकांचं भांडण

रविवारी लेकीचा परदेशातून फोन यायचा आणि लगेच आटपायचा. "जेवलात?" "जेवलो." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." की ठेवला! बायको गेल्यापासून भूगोलाच्या निवृत्त सरांना आठवड्याचं बोलणं एवढंच. एरवी कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या. घर नुसतं खायला उठायचं.

मग जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. लेकीच्या देशानं पदकांची लयलूट केली, आपल्याकडे भोपळा. सर सहज म्हणाले, "पैसा ओतला की कोणीही जिंकतं."

झालं! जावयानं फोन हिसकावला. "पैसा नाही बाबा, सोयी! इथे गल्लोगल्ली तरणतलाव आहेत."

"आमच्या गल्लीतही होतो की. पाइप फुटला की!"

वाद तासभर रंगला. सरांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

पुढच्या वेळी त्यांनी मुद्दाम काडी टाकली. "थंड हवा! तिकडे घाम येत नाही, म्हणून पळता येतं." मग लोकसंख्या काढली, मग दूध. जावई चिडायचा, अभ्यास करून यायचा, रोज फोन करायचा. मागून नात ओरडायची, "आजोबा, हरलात!" सर खुशीत हरायचे.

आणि घात झाला. शेवटच्या दिवशी चालण्याच्या शर्यतीत आपल्या एका पोरीनं सुवर्णपदक मारलं. सगळी इमारत नाचू लागली. शेजारच्या शिंपीणबाई केक घेऊन सरांच्या दारात आल्या, मागे अख्खा जिना. तेवढ्यात जावयाचा फोन आला. सरांना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर चालू.

"अभिनंदन, बाबा! तुम्ही जिंकलात. आमचं तोंड बंद!"

तोंड बंद? म्हणजे पुन्हा रविवारचं 'जेवलात?' आणि 'गोळ्या घेतल्या?' एवढंच?

"कसलं डोंबलाचं सुवर्ण!" सर ओरडले. "बाकीच्या रस्ता चुकल्या असतील! आपल्याला चालण्याशिवाय येतं काय? बस मिळत नाही म्हणून चालतो!"

शिंपीणबाईंनी केक मागे घेतला. "शोभतं का सर हे तुम्हाला? घरभेदी कुठले!" धडाधड दारं लागली.

जावईही भडकला. "स्वतःच्या देशाबद्दल असं बोलता? हे फोनवर मिटायचं नाही, बाबा. सुट्टी काढतो, तिघंही येतो. समोरासमोर बसू!"

"या तर खरं! घाबरतो की काय!" सर कसेबसे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत कोणी त्यांच्याशी बोलेना. सरांना तेवढी फुरसतही नव्हती. ते गच्चीवर गाद्यांना ऊन दाखवत बसले होते आणि जीव खाऊन नवे मुद्दे शोधत होते. जावयाची सुट्टी चांगली महिनाभराची होती, आणि होते ते मुद्दे जेमतेम आठवडाभर पुरले असते.