बजाजनगरचं आरमार

ज्या देशाला समुद्र आहे त्यानं तो राखलाच पाहिजे. पण ज्या गावाला समुद्रच नाय, त्याची जबाबदारी दुप्पट. कारण तिथं पहारा द्यायचं कुणाच्या डोक्यातच येत नाय.

आप्पासाहेबांच्या डोक्यात आलं. ते बजाजनगरातल्या एका सोसायटीचे चेअरमन. तिकडं आखातात लढाई पेटली, टीव्हीवर जहाजं अन् समुद्राखालच्या तारा दाखवल्या, अन् इकडं 'सागरी मार्ग व दळणवळण संरक्षण समिती' उभी राहिली. (निम्म्या सभासदांनी समुद्र पाहिला नव्हता. उरलेल्यांनी पाहिला होता, पण ओहोटीचा.)

सोसायटीत समुद्राशी खरा संबंध एकाच घराचा, सगीराचाचींचा. त्यांचा हारिस तेलाच्या जहाजावर स्वयंपाकी, अन् जहाज नेमकं त्याच आखातात. घरात रेंज नाय, चाचींच्या फोनात नेटपॅक नाय. वायफायवर दर जुम्म्याला दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मागच्या जुम्म्याला आलाच नव्हता, तेव्हापासून चाची फोन हातातून सोडत नव्हत्या. समितीत मात्र त्यांना घेतलं नाय. (हितसंबंध गुंतलेले.)

आधी सागरी मार्ग ठरला. पाणी येतं तो मार्ग सागरी, हे उघड आहे. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणजे मार्ग टँकरचा. मग गेटवर आडवा बांबू, बांबूमागं पत्र्याची पिंपं, पिंपांमागं शिट्टी घेऊन पुंजाराम वॉचमन.

टँकर आला. "कुठून आला?" पुंजारामनं दरडावलं.

"रोज येतो तिथूनच! बांबू काढ ना भाऊ," ड्रायव्हर जहांगीर म्हणला.

"शत्रूबी असंच म्हणल."

अहवालात नोंद झाली: एक संशयित जहाज पिटाळलं. सगळ्यांनी बिनआंघोळीचं एकमेकांचं अभिनंदन केलं.

मग तार. वायफायची केबल लिंबाच्या झाडावरून गच्चीत जायची, शत्रूच्या डोळ्यांदेखत. मोठ्या देशांच्या तारा तळाशी असतात, सबब आपलीही पुरावी. मुहूर्त शुक्रवार दुपार.

चाची धावत खाली आल्या. "आप्पासाहेब, आज नका ना. लेकराचा फोन यायचाय."

"भाभी, त्याच्याच फोनसाठी तर चाललंय हे सगळं!"

"फोनसाठी फोन बंद करता व्हय?"

(युद्धकाळात असं खचलेलं बोलणं होतंच. समितीनं मोठ्या मनानं माफ केलं.)

चाची वर गेल्या अन् फोन वाजलाच. हारिसचा चेहरा दिसला. "अम्मी, आमचं जहाज..."

खाली खड्डा सरळ यावा म्हणून समितीनं आखणीला तीच तार झाडावरून उतरवून जमिनीवर अंथरली होती. पुंजारामनं नीट नेम धरून त्या रेघेवर पहिली कुदळ घातली.

वर स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरायला लागलं. चाची जिना उतरल्या, एका लाथेत बांबू पाडला अन् थेट रस्त्यावर. कोपऱ्यावर जहांगीर टँकर लावून बांबू निघायची वाट बघत बसलेला.

"बेटा, तेरा हॉटस्पॉट चालू कर!"

कॉल लागला. हारिस हसत होता. "अम्मी, आम्ही निघालो बाहेर! लई लढाई होती, पण कुणी अडवलं नाय."

चाचींनी डोळे पुसले, मागं गेटाकडं पाहिलं. "शुकर है. तुमच्याकडं समिती नसंल."

समिती अजून आहे. तिचा ठराव व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा सगळ्या सोसायटीनं न वाचताच अंगठा दिला होता. एकानंही 'कशाला?' विचारलं नाय. हसायला लागलात ना? आज सकाळी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही कशाला अंगठा दिलाय, ते आधी वर जाऊन वाचा. खाली कुदळ मागवली असंल.