टँकरच्या रांगेतला आदर

माझी पुतणी सिंधू नांदेडच्या कॉलेजात शिकवते. तिच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. "काका, मुलांना आदराविषयी काय वाटतं, यावर मी संशोधन करतेय. उदगीरच्या मुलांना तुम्ही विचारा. मोठ्यांना मध्ये बोलू देऊ नका!"

आता पोरांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. जन्म गेला ग्रंथालयात, आणि तिथे बोलायला बंदीच! तरी गल्ली मला मास्तरच म्हणते.

पण त्या दिवशी मला झकास युक्ती सुचली. लातूर जिल्हा नवा झाला होता, कलेक्टर नवे आले होते, पाणी मात्र जुनंही उरलं नव्हतं. गल्लीतली पोरं पहाटेपासून टँकरसाठी घागरी लावून बसलेली. पळून जाणार कुठे? तासाभरात संशोधन हातावेगळं!

मी पोरांना लिंबाच्या सावलीत बोलावलं. घागरी रांगेतच राहिल्या. माझी बादली उलटी घालून तिच्यावर बसलो, घसा खाकरला आणि विचारलं, "आदर म्हणजे काय?"

तेवढ्यात टँकर आला! किराणावाले गुरुपादप्पा डबे घेऊन थेट पुढे घुसले. पहिली घागर होती महानंदाची. दहा वर्षांची पोर धावत सुटली.

"आप्पा, माझा नंबर हाय! घरी आई बाळंत झालीय, प्यायला थेंब न्हाई!"

"मोठ्यांच्या पुढं उभारतीस? तिकडं मास्तर आदर शिकवायलेत, आन् तू हितं भांडायलीस!"

"मी शिकवत नाही हो! मी विचारतोय!" मी ओरडलो.

"विचारा की! तवर आमी भरतो."

झालं! रांगेत आवई उठली, वयानं मोठा त्याचा नंबर आधी, असं मास्तरांनीच सांगितलं म्हणे! "मला साठ लागलं!" "मला पासष्ट!" वर्षानुवर्षं पस्तिशीत मुक्काम ठोकलेल्या गौरम्मा एका दमात सत्तरीला पोचल्या! एकानं तर मेलेल्या बापाचं वय लावलं! पोरांच्या घागरी मागे, आणखी मागे.

माझं टाळकं सटकलं. "लाजा वाटत नाहीत? पहाटेपासून बसलीत लेकरं! त्यांना काही मान आहे की नाही?"

"मान?" गुरुपादप्पांनी मला न्याहाळलं. "आरं, समद्यात म्हातारे तर हेच हायत! सरा, मास्तरला मान द्या!"

चौघांनी मला उचलून टँकरपाशी नेलं. मी हातपाय झाडतोय, आणि माझी बादली काठोकाठ भरली! मग पाइपानं एक उचकी दिली. पाणी संपलं.

मी बादली महानंदापुढे ठेवली. तिनं आपल्या घागरीत थोडं घेतलं, बाकीचं इतर पोरांच्या घागरींत वाटलं. जाताना वळली.

"मास्तर, आदर म्हंजी मागं सरकणं. लिहा! आन् उद्या विचाराया येऊ नका."

संतापातच घरी आलो आणि तेवढंच लिहिलं. खाली जोडलं, 'मोठे मध्ये बोलले. सर्वांत जास्त मी.'

तिकीट लावायला गेलो, तर घरात थेंब नाही. ओरडून ओरडून जीभही कोरडी ठणठणीत! पोस्टातला गोंद तर केव्हाच वाळून खडा झालेला. शेवटी पत्र तसंच बिनतिकिटाचं, बैरंग पेटीत टाकलं.

दुप्पट पैसे सिंधू भरेल की! मोठा काका आहे मी तिचा. एवढा मान तर ठेवेल!