निर्गुण सरबताचा खटला

सरबतवाल्यांच्या बाटलीवर 'गुडघेदुखी आठ दिवसांत बंद' असे छापलेले होते आणि एकही गुडघा बरा झाल्याचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. सबब खोट्या दाव्यांच्या खात्याचे तपासनीस आले. पहिलीच वेळ म्हणून त्यांनी लेखी ताकीद दिली. पुन्हा खोटे सापडले तर दुकानाला सील आणि सहा महिने कैद.

सरबतवाले मुळातच भित्रे. गुडघेदुखीचे ते वाक्यही मेव्हण्याने सुचवलेले.

"आता खरं तेच छापा," बायको म्हणाली. "खऱ्याला कोण काय करणार?"

नवे लेबल लागले : 'साखर, पाणी, गाजर. याने कोणताही आजार बरा होत नाही.'

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग.

"इतकं खरं सांगतोय म्हणजे काहीतरी लपवतोय," असे म्हणत एक निवृत्त शिक्षिका सहा बाटल्या घेऊन गेल्या. पंधरवड्यात बाईंचे गुडघे दुखायचे राहिले. कर्तव्य म्हणून त्यांनी खात्याला आभाराचे पत्र धाडले.

पत्रापाठोपाठ तपासनीस हजर.

"बरा होत नाही, असं तुम्ही छापलंत. बाईंचा झाला. म्हणजे दावा खोटा."

"साहेब, आपोआप झाला असेल हो."

"मग तसं छापायचं होतं."

सुनावणी चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. बाईंचा गुडघा दुखतो हे सिद्ध झाले तरच दुकान वाचणार होते. बायकोने बाईंना जिन्यातच गाठले.

"बाई, तेवढं कण्हत चढा ना. आमच्या पोटाचा प्रश्न आहे."

"तुमच्याच सरबतानं बरी झाले आणि तुमच्याचपुढं लंगडू? इतकी कृतघ्न नाही मी," म्हणत बाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेल्या.

सुनावणी अधिकारी काटेकोर होते. एका चढण्यावर त्यांचे समाधान होईना. त्यांनी बाईंना उतरवले, चढवले, पुन्हा उतरवले. कारकून जिन्यात उभा राहून फेऱ्या मोजत होता. सातव्या फेरीला बाई मटकन पायरीवर बसल्या.

"दुखला एकदाचा," त्या म्हणाल्या.

सरबतवाल्यांना हुंदका आवरेना. बायको बाईंच्या पाया पडली. अधिकाऱ्यांनी 'गुडघा दुखतो, आरोपी निर्दोष' असे लिहून सहीसाठी पेन टेकवले.

"पण सरबत पिऊन दुखला," तपासनीस म्हणाले. "हा दुष्परिणाम झाला. तो लेबलावर कुठंय?"

पेन उचलले गेले. दुपारभर खल झाला. शेवटी खात्याने स्वतःच मजकूर मंजूर करून दिला : 'याने गुडघा बरा होईल, होणार नाही किंवा दुखू लागेल.' हे वाक्य कोणत्याही कोर्टात खोटे ठरणे शक्य नव्हते. दुकान वाचले, रांग दुप्पट झाली. रांगेत तपासनीसही होते. सासूबाईंसाठी, असे त्यांनी न विचारता सांगितले.

तुम्ही हसताय ते ठीक आहे. पण वाचता वाचता तुमचा हात एकदा गुडघ्याकडे गेला होता. डाव्या, बहुतेक.