सुगंधाबाईचा दगड

"चौक असा चकाचक करतो की साहेब जेवायलाही खालीच बसतील!" गुणवंतराव मुकादमांनी अख्ख्या म्युनिसिपल कमिटीसमोर सांगून टाकलं.

नागपूरहून कासारपेठेत येऊन त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते. रविवारी सकाळी चांद्याहून डिप्टीसाहेब येणार, मोठ्या चौकात पंचवार्षिक योजनेवर बोलणार. साहेब खूश झाले तर मुकादमाचे जमादार होणार! गुणवंतरावांनी खाकी कोटाचं माप शिंप्याकडे देऊनही टाकलं.

चौकात एक झेंड्याचा खांब, एक कडुनिंब आणि जिकडेतिकडे पडलेले शंभरेक दगड. शनिवारी गुणवंतरावांनी ते सगळे गोळा करून खांबापाशी छान कंबरभर ओटा रचवला. चौकही साफ, मंचही तयार!

कमिटीचा जुना चपराशी झिंगू अंग चोरत म्हणाला, "भाऊ, हे बाजाराच्या बायांचे दगड हायेत. दगड ठेवून जागा धरतेत त्या."

"दगडावर काय नाव लिहिलंय?" म्हणत गुणवंतरावांनी कडेला न बसणारा एक काळा दगड स्वतःच्या हातानं फोडला आणि दोन तुकडे खाली बसवले.

साहेबांनी आठला येऊन रविवारचा बाजार भरायच्या आत जायचं होतं. पण मोटार वैनगंगेच्या रेतीत फसली आणि साहेब पोचले भर दुपारी. तोवर बाया टोपल्या डोक्यावर घेऊन उघड्या चौकात भिरभिरत होत्या, आणि ब्रह्मपुरीचा बांगडीवाला चार जागा अडवून बसला होता.

साहेब ओट्यावर चढले. "बंधूंनो आणि भगिनींनो..."

"अगे माय! थो पाह्य माहा दगड!" चारोळीवाली मंगली पुढे झाली. "साहेब, पाय उचल जरा."

साहेब सभ्य माणूस. त्यांनी पाय उचलला. मग दुसरी आली, मग दहावी. प्रत्येकीला आपला दगड बरोबर ओळखू येत होता, भांडण म्हणून नाही! भाषण कालव्यांपर्यंत आलं तोवर ओटा गुडघ्याएवढा झाला, रस्त्यांपर्यंत वीतभर. शाळांचा विषय निघाला तेव्हा साहेब जमिनीवर उभे होते. गुणवंतराव मागून हातवारे करत होते, पण बघतो कोण!

शेवटी उरले दोन काळे तुकडे. तीस वर्षं कडुनिंबाखाली चिंच विकणाऱ्या सुगंधाबाईनं ते उचलले, जोडून पाहिले.

"माह्या सासूनं ठेवला होता. आता तुकड्यावर माही जागा कोण मानन? काऊन फोडला?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बांगडीवाला तर तेवढ्यात कडुनिंबाकडे सरकायलाही लागला होता. गुणवंतरावांना मनापासून वाईट वाटलं.

"कुणी फोडला?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब."

"मग तिला दुसरा दगड मिळून तो लोकांच्या ओळखीचा होईपर्यंत जागा तुम्हीच धरा."

तेव्हापासून दर रविवारी दिवस उगवला की गुणवंतराव कडुनिंबाखाली मांडी घालून बसतात, सुगंधाबाईची चिंचेची बैलबंडी येईपर्यंत. खाकी कोट शिंप्यानं झिंगूच्या मापाचा करून दिला. नवे जमादार शिट्टी वाजवत चौकाची फेरी मारतात आणि कडुनिंबापाशी थांबतात.

"सुगंधाबाईचा दगड हाय का जागेवर?"

"हाय जी!" गुणवंतराव म्हणतात.